कुलर की फ्रिज? विजेचा हिशोब कशाने मोजायचा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, कुलर रात्रंदिवस चालतो आणि बिल आलं की सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात. १०० आणि ३०० युनिटची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दरही चढतो. म्हणून आधी मोजा.

पैसे न खर्चता मोजायचं तर घरचाच मीटर पुरतो. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट पडलं. बाकी सगळं बंद करून एकटा कुलर लावा आणि मिनिटभर मोजा. आमच्या ३२०० च्या मीटरवर दिवा १० वेळा लुकलुकला, म्हणजे साधारण १८८ वॅट. बारा तासांना सव्वादोन युनिट. सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला तर मात्र वायरमनला बोलवा, कुठेतरी गळती असू शकते.

फ्रिजला ही युक्ती चालत नाही. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो, मध्येच सुरू होतो. तिथे प्लग मीटरच हवा: बोर्डात मीटर, मीटरमध्ये फ्रिज, आणि पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. आमच्या जुन्या फ्रिजने दिवसाला तीन युनिट दाखवले, कुलरच्या बारा तासांपेक्षा जास्त! दारात दहाची नोट धरून दार लावलं, तर नोट अलगद ओढून निघाली. रबर सैल झालं होतं. ते बदलून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा दोनच्या खाली आला. गिझरही मोजायचा असेल तर १६ अँपिअरचाच मीटर घ्या.

क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा लावायचा मीटर, घरासाठी विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साधा क्लॅम्प मीटर वॅट नाही, अँपिअर दाखवतो, आणि मोटरच्या बाबतीत त्यावरून काढलेले वॅट खऱ्यापेक्षा जास्त येतात. शिवाय तो एकाच वायरीभोवती लावावा लागतो. अख्खी केबल चिमट्यात धरली की आकडा शून्य. बोअरच्या मोटरीला प्लग नसतो, तिथे तो कामाचा, पण वायरमनच्या हातात.

मिक्सर मोजत बसू नका. ७५० वॅटचा असला तरी शेवभाजीच्या वाटणाला रोज पाच मिनिटं लागतात, म्हणजे सोळा दिवसांत एक युनिट. प्लग मीटर दोन-तीन घरांत मिळून एकच घ्या, आणि पहिला दिवस फ्रिजला द्या.