पाचवीतल्या मुलाला कोणता इंग्रजी कोश द्यावा? एका ‘फेअर’ची कसोटी

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी पास झालेलं मूल हायस्कुलात गेलं की बहुतेक ठिकाणी गणित, विज्ञान, इतिहास सगळंच इंग्रजीतून सुरू होतं. सत्तरी असो, डिचोली असो की पेडणे, पालकांचा प्रश्न मग एकच: डिक्शनरी कुठली घेऊ? मराठी अर्थ देणारी की नुसती इंग्रजी? की फोन पुरे? समानार्थी शब्दांचा वेगळा कोशही लागतो का?

कोशाच्या मुखपृष्ठावरचे दावे वाचून हे ठरत नाही. एक साधा शब्द घ्यावा आणि प्रत्येक कोश त्यावर पारखून पाहावा. मी ‘फेअर’ घेते, कारण तो मुलांच्या कानावर आधीपासून आहे. ‘रफ वहीतलं फेअर वहीत उतरव.’ रेशनच्या दुकानावर ‘फेअर प्राइस शॉप’ची पाटी. खेळताना भांडण झालं की ‘धिस इज नॉट फेअर’. पुस्तकांचा मेळा भरला की ‘बुक फेअर’. प्रगतिपुस्तकावर शेरा ‘फेअर’. हवामानाच्या बातमीत ‘फेअर वेदर’, लग्नाच्या जाहिरातीत ‘फेअर’ मुलगी. आणि कदंबच्या बसचं ‘फेअर’ म्हणजे भाडं, ज्याचा उच्चार तोच पण स्पेलिंग निराळं आणि शब्दही निराळा.

स्वच्छ, रास्त, गोरा, ठीकठाक आणि जत्रा एकाच शब्दात कशी मावतात? मावत नाहीत, मुळात हे दोन शब्द आहेत. जत्रेचा फेअर लॅटिनमधल्या ‘फेरिया’पासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच फेरियापासून पोर्तुगीजांचा ‘फेइरा’ झाला आणि त्यावरून आपल्याकडची फेस्ताची फेरी, म्हणजे चर्चच्या सणाला भरणारी जत्रा. ओल्ड गोव्याच्या फेरीत खाजें घेऊन आलेल्या मुलाला हा अर्थ पाठ करावा लागत नाही. दुसरा फेअर अस्सल जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ ‘देखणा’. ज्याच्यावर डाग नाही ते देखणं. त्यावरून स्वच्छ प्रत, निरभ्र हवा, आणि पक्षपाताचा डाग नसलेला व्यवहार.

आता कोश उघडू.

इंग्रजी-मराठी कोश. खिशात मावणाऱ्या छोट्या कोशात सहसा अर्थांची नुसती रांग असते: गोरा, सुंदर, न्याय्य, बरा, स्वच्छ, जत्रा. कुठला अर्थ कुठे बसतो हे कळायला वाक्य नसतं. त्यातून पहिला अर्थ तोच खरा अशी मुलांची समजूत असते, म्हणून ‘फेअर प्राइस’चा ‘सुंदर भाव’ होतो. गोऱ्या रंगाचा अर्थ वर असला तर मला तो आणखी खटकतो. आपल्या समाजात या शब्दाने मुलींचं पुरेसं नुकसान केलं आहे. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमलाही नावातून हा शब्द काढावा लागला. कोशात तो अर्थ असायलाच हवा, पण रोजच्या वापरात तो ज्या जागी आहे त्याच जागी.

तरीही या वर्गाला मी टाकाऊ म्हणणार नाही. पाचवीतल्या मुलाला विज्ञानाच्या एका पानावर अनेक शब्द अडतात. प्रत्येकाची इंग्रजी व्याख्या वाचत बसलं तर धडा राहून जातो. तिथे ‘रास्त’ हा एक शब्द समोर आला की वाक्य सुटतं. म्हणून कोश त्रिपदरी घ्यावा, म्हणजे इंग्रजी शब्द, उदाहरणासह सोपी इंग्रजी व्याख्या आणि मग मराठी अर्थ. ऑक्सफर्डचा रमेश धोंगडे यांनी संपादित केलेला इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश या प्रकारातला आहे. त्यात मुलाला मराठीचा आधार मिळतो आणि इंग्रजी व्याख्येवर नजरही पडत राहते.

मोल्सवर्थचं नाव अनेकजण सुचवतात, शिवाय तो इंटरनेटवर मोफत आहे. मराठी वाचणाऱ्याने तो घरी ठेवावाच. पण १८३१ साली निघालेला आणि १८५७ साली सुधारलेला हा कोश मराठीतून इंग्रजीत जातो. मुलाला उलट वाटेने जायचं आहे.

इंग्रजी-इंग्रजी ‘लर्नर्स’ कोश. हे कोश इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी केलेले असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने आणला. आजचा ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ तो हाच. लाँगमनच्या १९७८च्या कोशाने व्याख्या सुमारे २,००० ओळखीच्या शब्दांत बसवल्या. १९८७च्या कॉलिन्स कोबिल्डने तर व्याख्या म्हणजे पूर्ण वाक्यच केलं.

‘फेअर’ इथे उघडला की फरक लगेच दिसतो. ऑक्सफर्डमध्ये वाजवी आणि समान वागणूक हे अर्थ आधी येतात, केसांचा नि कातडीचा रंग बराच नंतर, आणि ‘सुंदर’ हा अर्थ जुना किंवा साहित्यिक म्हणून वेगळा काढलेला असतो. ‘फेअर’पुढे ‘टू’ लावायचा की ‘ऑन’, हेही उदाहरणातून कळतं. मराठी कोश वाचायला मदत करतो, हा कोश लिहायला. निबंधाचे गुण मिळवायचे तर आठवीनंतर याला पर्याय नाही. पाचवीत मात्र त्याचं वजन आणि बारीक अक्षर पाहूनच मूल दूर जातं.

समानार्थी कोश. पालकांची सर्वांत जास्त दिशाभूल इथे होते, म्हणून थोडं थांबून सांगते. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांचा थिसॉरस १८५२ साली आला. त्यात शब्द अर्थांच्या गटांनी मांडलेले असतात. गट शोधायला तो सुरेख आहे, पण गटातले शब्द एकमेकांच्या जागी चालतात असं तो सांगत नाही. मुलं नेमकं तेच गृहीत धरतात.

‘फेअर’च्या शेजारी जस्ट, इम्पार्शल, इक्विटेबल, रीझनेबल, ऑनेस्ट असे शब्द मिळतात. भावासाठी, अटीसाठी ‘रीझनेबल’ चालतो. पंचासाठी, चौकशीसाठी ‘इम्पार्शल’. तो नि:पक्षपाती माणसाला किंवा यंत्रणेला लागतो, मासळीच्या भावाला कधीच नाही. ‘जस्ट’ शिक्षेला, कारणाला, लढ्याला शोभतो, आणि क्रियाविशेषण झाला की ‘आत्ताच’ किंवा ‘फक्त’ होतो. ‘इक्विटेबल’ वाटपाचा शब्द. म्हादई नदीच्या पाण्याचा वाद सोडवणाऱ्या लवादाने २०१८ साली कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. वाटा सारखा नाही, पण अशा वादांत कसोटी समान वाट्याची नसते, न्यायोचित वाट्याची असते, आणि ‘इक्वल’ आणि ‘इक्विटेबल’ यांतलं अंतर हेच. याउलट जमीन संपादनाच्या २०१३च्या कायद्याच्या नावात ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ आहे, उचित भरपाई. मोपाच्या विमानतळासाठी किंवा महामार्गासाठी जमीन गेलेल्या घरातल्या मुलाला या ‘फेअर’चं वजन वर्गात कुणी शिकवायला नको.

नुसती यादी हा फरक देत नाही. म्हणून दहावीपर्यंत थिसॉरस घेऊच नका. पुढे लागलाच तर जवळच्या शब्दांतला फरक वाक्यांनी समजावणारा ‘ऑक्सफर्ड लर्नर्स थिसॉरस’ घ्या.

फोन. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड लर्नर्स यांच्या संकेतस्थळांवर ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार मोफत ऐकता येतात. कागदी कोश हे देऊच शकत नाही, आणि जत्रा व बसभाडं यांचा उच्चार एकच आहे हे ऐकूनच पटतं. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये मात्र सुटा शब्द टाकू नये. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आहे, २०२२पासून कोकणीही आहे, पण संदर्भाशिवाय ‘फेअर’ म्हणजे जत्रा की न्याय हे त्याने ओळखावं कसं? पूर्ण वाक्य टाका.

माझा कौल असा. पाचवी ते सातवी: त्रिपदरी इंग्रजी-इंग्रजी-मराठी कोश, कागदी, मुलाच्या दप्तराजवळ. आठवीपासून त्याच्या जोडीला लर्नर्स कोश. एकाच कोशापुरते पैसे असतील तर मराठी असलेला घ्या, कारण लर्नर्स कोश फोनवर फुकट मिळतो आणि मराठीचा आधार तितक्या चांगल्या रूपात तिथे मिळत नाही. मुलाच्या हाती फोन द्यायचा नसेल तर आठवीला पैसे लर्नर्स कोशावर घाला.

विकत घेण्याआधी एकदा पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलाला घेऊन जा आणि तीन-चार कोश समोर ठेवून त्यालाच ‘फेअर’ शोधायला लावा. प्रगतिपुस्तकातला शेरा, रेशनची पाटी आणि फेअर वही, या तिन्हींचे अर्थ त्याला स्वतःला ज्या कोशात सापडतील तो घ्या. शेऱ्याचा अर्थ तुम्हीही त्याच वेळी वाचा. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशी ती पायरी असते. ‘फेअर’ म्हणजे ‘छान’ नव्हे, जेमतेम.