नाटकाचा साउंड वाजवायला हा इंटरफेस कसा आहे?

प्रयोग चालू असताना लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत आणि इफेक्ट सोडणं हे माझं काम. त्यामुळे दोन इनपुट, दोन आउटपुटचा हा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारा डबा) मी एकाच गोष्टीवर जोखला: दोन अंकांत एकदाही न तडतडता वाजतो का? माइक कसा उचलतो ते गाणाऱ्यांना विचारा, मी त्याला माइक लावलेलाच नाही.

वाजतो, आणि स्वच्छ वाजतो. पण डब्यातून काढला, जोडला आणि झालं, असं मात्र नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर बफर, म्हणजे लॅपटॉप आधीच तयार ठेवतो तो आवाजाचा साठा, ६४ सॅम्पलवर होता. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) धरले तर, हे जेमतेम १.३ मिलिसेकंद. जाहिरातीत मिरवायला छान, पण विंडोजला तेवढ्यात पुढचा आवाज तयार ठेवता आला नाही की ‘तट्ट’! पावसाच्या इफेक्टमध्ये खपून जाईल, तानपुऱ्यात नाही. मी थेट ५१२ केला. उशीर होतो साधारण १०.७ मिलिसेकंद. हवेतून आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्पीकर पावणेचार मीटर मागे सरकवला तर पडेल तेवढाच हा फरक. फोनची रिंग उशिरा वाजली म्हणून कुठलाही नट ओरडणार नाही. कमी बफर लागतो तो हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला.

सगळ्यात आवडलं ते याचं एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या आवाजाच्या वाटेला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलणारं. क्यू (ठरलेल्या क्षणी सोडायचे आवाज) वाजवणारं सॉफ्टवेअर एएसआयओने इंटरफेसवर, आणि विंडोजचं डीफॉल्ट आउटपुट लॅपटॉपच्याच स्पीकरवर, तेही म्यूट. नायिका हुंदका देत असताना ‘टिंग’ करून मेसेज आला तरी तो प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही. एवढ्यासाठीसुद्धा मी हा घेतला असता.

बाकीची झाडलोट लॅपटॉपची. वाय-फाय बंद, पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, सगळ्या फाइली आधीच ४८ किलोहर्ट्झला. हब मधे घालू नका; हा डबा वीजही यूएसबीतूनच घेतो.

आता तक्रारी. ऑन-ऑफचं बटण नाही. वायर खोचली की स्पीकरमधून ‘धप्प’, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद. हेडफोनला वेगळा नॉब नाही, तो मुख्य आवाजालाच बांधलेला. कानात जरा वाढवायला गेलात की अख्ख्या प्रेक्षागृहात वाढला. हे मला अजिबात पटलेलं नाही.

चार्जर लावल्यावर घुंऽऽ असा आवाज येत होता, तो साध्या मोनो जॅकच्या वायरी काढून बॅलन्स्ड टीआरएस वायरी (वाटेत शिरलेली घरघर मिक्सरला वजा करता येते अशा, तीन जोडण्यांच्या जॅकच्या) मिक्सरच्या लाइन इनपुटला लावल्यावर गेला. बॅलन्स्ड इनपुट नसलेला मिक्सर भेटला तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (आवाज पुढे नेऊन विजेची थेट जोडणी तोडणारी डबी) जवळ असू द्या.

मिक्सर लांब असेल तर यूएसबीची वायर वाढवत बसू नका. यूएसबी २.० ला साधी वायर ५ मीटरपर्यंतच चालते. इंटरफेस लॅपटॉपशेजारी ठेवा आणि ऑडिओची वायर लांब घ्या.