ऑनलाईन एम.एड. इन स्कूल काउन्सेलिंग (अमेरिका): कोर्स चांगला, जाहिरात अर्धवट

रेटिंगच द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. न्यू जर्सीत राहून एका युनिव्हर्सिटीतून हे मास्टर्स केलंय. नाव टाकत नाही, कारण जे लिहितेय ते बऱ्याच ऑनलाईन प्रोग्रॅमना लागू आहे, एकट्या त्यांचीच तक्रार नाही. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, मुलं मोठी झाली, आयटीचा वीट आलाय, शाळेत काउन्सेलर व्हायचंय, कसं करायचं, आणि मग मी तेच तेच टाईप करत बसते, म्हणून एकदाच सविस्तर.

आधी जाहिरातीबद्दल. "शंभर टक्के ऑनलाईन, नोकरी सांभाळून करा" हे सुरुवातीच्या सेमिस्टर्सपुरतं खरंय. क्लास संध्याकाळी झूमवर, बाकी वाचन आणि डिस्कशन बोर्ड, ज्यात आपण एक पोस्ट टाकायची आणि दोघांच्या पोस्टखाली "छान मुद्दा मांडलास" छापाची उत्तरं लिहायची (हा प्रकार कोणी शोधून काढला त्याला एकदा भेटायचंय). घर, नोकरी, मुलांचे क्लासेस, सगळं सांभाळून होतं हे. पुढे प्रॅक्टिकम (शाळेत जाऊन करायचा सुरुवातीचा सराव) आणि इंटर्नशिप येते आणि तिथे खरी मेख आहे. काउन्सेलिंगच्या कोर्सना मान्यता देणारी केक्रेप नावाची संस्था आहे, तिच्या नियमाने 100 तास प्रॅक्टिकम, त्यातले 40 प्रत्यक्ष मुलांसोबत, आणि वर 600 तास इंटर्नशिप, त्यातले 240 प्रत्यक्ष. शाळा भरते दिवसा. म्हणजे तुम्ही नऊ ते पाच नोकरी करत असाल तर हे तास भरणार कधी? दिवसाचे सात तास धरले आणि आठवड्यातून दोन दिवस गेलात तरी एका शालेय वर्षात 600 होत नाहीत, तीन दिवस द्यावेच लागतात, आणि पगार बहुतेक ठिकाणी शून्य. आमच्या बॅचमध्ये जे आधीच शाळेत शिकवत होते त्यांची सर्वात पंचाईत, स्वतःचा वर्ग सोडून दुसऱ्या ऑफिसात बसायचं कसं, कोणी बिनपगारी रजा घेतली, कोणी इंटर्नशिप पुढे ढकलत ढकलत शेवटी कोर्सच सोडला. ही गोष्ट लिहिलेली असते, नाही असं नाही, पण कुठे तर हँडबुकच्या आत, ब्रोशरवरच्या हसऱ्या चेहऱ्याच्या फोटोखाली नव्हे.

आणि इंटर्नशिपची शाळा शोधायची कोणी? आपणच. युनिव्हर्सिटीकडून एक एक्सेल शीट मिळाली, तिच्यातले निम्मे लोक रिटायर झालेले किंवा बदलून गेलेले. डिस्ट्रिक्टना मेल टाकायच्या, उत्तर येत नाही, फोन केला की सांगतात आम्ही जवळच्या कॉलेजचेच इंटर्न घेतो. ज्या काउन्सेलरच्या हाताखाली काम करायचं त्यांच्याकडे मास्टर्स, सर्टिफिकेट आणि किमान दोन वर्षांचा अनुभव हवा, शिवाय दर आठवड्याला एक तास सुपरव्हिजनसाठी द्यायची तयारी हवी, आणि स्वतःच्याच डोक्यावर चारशे मुलं असलेली बाई हा तास कुठून काढणार? वरून फिंगरप्रिंट, टीबी टेस्ट, स्टुडंट लायबिलिटी इन्शुरन्स. त्यामुळे ॲडमिशनवाल्यांना पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की साईट कोण शोधणार, आणि मिळालीच नाही तर त्या सेमिस्टरच्या फीचं काय. गोलमोल उत्तर आलं तर दुसरा प्रोग्रॅम बघा.

आता चांगलं. स्किल्सचा जो कोर्स होता, त्या एकासाठीही मी पैसे वसूल म्हणेन. तिघातिघांचे गट करायचे, एक काउन्सेलर, एक विद्यार्थी, एक निरीक्षक, सेशन रेकॉर्ड करायचं आणि मग त्याचं शब्दन् शब्द ट्रान्सक्रिप्ट, शेजारच्या रकान्यात प्रत्येक वाक्य काय होतं ते लिहायचं, क्लोज्ड क्वेश्चन (ज्याचं उत्तर हो-नाहीत संपतं), रिफ्लेक्शन (समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगणं), नुसतंच "हं". आमच्यात वर्षानुवर्षं पीटी शिकवलेले एक गृहस्थ होते, त्यांचं रेकॉर्डिंग मॅडमनी मधेच थांबवलं. "तू कोचशी बोलून बघितलंस का?" असं ते विचारत होते. मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न नाहीये, प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, आणि बघा, पोरगं त्यानंतर "हो, बघतो" एवढंच बोललंय. आपल्याकडे तर सल्ला द्यायला कोणी विचारावंही लागत नाही, त्यामुळे मला हे ऐकून चांगलंच लागलं. थिअरीत कार्ल रॉजर्स, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी), एरिक्सन वगैरे नेहमीचं आलंच, पण शाळेत खरं उपयोगी पडलं ते सोल्युशन फोकस्ड (अडचण उगाळण्यापेक्षा उपायावर भर देणारी पद्धत), स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांचं, कारण पोरगं गणिताचा तास बुडवून आलेलं असतं आणि तुमच्याकडे असतात जेमतेम पंधरा मिनिटं. रिसर्च मेथड्स आणि स्टॅटिस्टिक्स, पास झाले, विषय संपला.

वर्गात शिकवतात एक आणि शाळेत असतं दुसरं, हेही माहीत असू द्या. ॲस्का, म्हणजे इथली स्कूल काउन्सेलर्सची राष्ट्रीय संघटना, तिची शिफारस 250 मुलांमागे एक काउन्सेलर, आणि 80 टक्के वेळ मुलांसाठीच्या कामात जावा असं त्यांचं मॉडेल सांगतं. माझ्या साईटवर स्टेट टेस्टच्या आठवड्यात आम्ही दोघी लॉगिनची टिकिटं वर्गवार लावून रबरबँड घालत बसलो होतो, आणि बाहेर एक मुलगी रडत उभी. सप्टेंबर अख्खा वेळापत्रक बदलण्यात जातो. लंच ड्युटी वेगळीच. हे सगळं असूनही ते काम मला आवडलं, हेही खरंच आहे. 504 प्लॅनच्या (आजार किंवा अडचण असलेल्या मुलाला शाळेत द्यायच्या सवलतींच्या) मीटिंगला आईवडील येतात आणि मुलाला एन्झायटी आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, "हे कॉलेजच्या रेकॉर्डवर जाईल का?" तेव्हा त्यांच्या घरी संध्याकाळी काय बोलणं होणार आहे हे मला न सांगता कळतं, ती गोष्ट कुठल्या कोर्सने शिकवलेली नाही.

खर्चाचं म्हणाल तर केक्रेपच्या नियमाने डिग्री आता 60 क्रेडिटची आहे, पूर्वी 48 मध्ये व्हायची, तेव्हा क्रेडिटमागची फी गुणिले 60 करूनच तुलना करा, "परवडणारी फी" वगैरे शब्दांवर जाऊ नका. पगार डिस्ट्रिक्टच्या शिक्षकांच्या स्केलच्या आसपासच असतो, आयटीमधून येणाऱ्यांनी हे आधी घरात बोलून घ्या. आणि शाळेचं सर्टिफिकेट वेगळं, प्रायव्हेट प्रॅक्टिसचं एलपीसी लायसन्स वेगळं, एकात दुसरं आपोआप येत नाही. सर्टिफिकेटचे नियम दर राज्याचे वेगळे, त्यामुळे नवऱ्याची किंवा बायकोची बदली व्हायची शक्यता असेल तर दोन्ही राज्यांचे नियम आधी वाचा.

इनबॉक्समध्ये येणारे दोन प्रश्न. एक, भारतातून एफ-1 वर (स्टुडंट व्हिसावर) येऊन हा ऑनलाईन कोर्स चालेल का? नाही, एफ-1 वर फुल टाईमच्या हिशोबात सेमिस्टरला एकच ऑनलाईन क्लास धरतात, तुम्हाला कॅम्पसवालाच घ्यावा लागेल. एच-4 वाल्यांना (एच-1बी वर काम करणाऱ्यांच्या जोडीदारांना) शिकायला हरकत नाही, नोकरीचं मात्र वर्क परमिटवर अवलंबून. आपली तीन वर्षांची बीए-बीकॉम असेल तर ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन आधी करून घ्या, काही युनिव्हर्सिटीज ती पूर्ण बॅचलर्स धरत नाहीत. दोन, परत पुण्याला गेलो तर उपयोग? सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं सांगितलंय, त्यामुळे मागणी वाढायला हवी, पण तिकडच्या शाळा जाहिरातीत सहसा एमए सायकॉलॉजी मागतात, आपली डिग्री एम.एड. असेल तर मुलाखतीत ट्रान्सक्रिप्ट आणि इंटर्नशिपच्या तासांचा सही-शिक्क्याचा कागद सोबत ठेवा, तो कागद युनिव्हर्सिटी सोडायच्या आधीच मागून घ्या.