‘कस्टम प्रोफाइल’ म्हणून फुकटातली फाइल विकतात, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढणाऱ्यांनी सावध राहा

घरी किंवा स्टुडिओत इंकजेटवर ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ‘तुमच्या प्रिंटरसाठी आणि पेपरसाठी खास आयसीसी प्रोफाइल बनवून देतो’ असं सांगणारे हल्ली बरेच जण भेटतात (प्रोफाइल म्हणजे तो प्रिंटर त्या कागदावर कोणता रंग कसा छापतो हे सांगणारी फाइल), त्यात मनापासून चांगलं काम करणारेही आहेत, पण मला जो भेटला त्याने चक्क गंडवलं, आणि असं गंडवलं की सहजासहजी कोणाच्या लक्षात येणार नाही. नाव लिहीत नाही कारण तक्रार अजून चालू आहे.

माझ्याकडे एप्सनचा ए थ्री प्लस साइझचा पिगमेंट शाईचा प्रिंटर आहे, तीन काळ्या शाया असलेला, म्हणजे काळी, फिकी काळी आणि अजून फिकी काळी. पंढरीच्या वारीचे फोटो मॅट कॉटन पेपरवर काढायचे होते. त्यातला एक फोटो डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजींचा, मागे पावसाचं आभाळ, खांद्यावर काळी घोंगडी. आभाळाचे फिके टोन आणि घोंगडीच्या घड्या दोन्ही एकाच प्रिंटमध्ये यायला हवं, त्यासाठी प्रोफाइल पक्कं लागतं. रंगीत फोटोत थोडीफार चूक रंगांमध्ये खपून जाते, राखाडीत मात्र जराशी हिरवी किंवा जांभळट झाक आली की डोळ्याला लगेच टोचते.

त्या माणसाने फोनवर खूप गोड बोलून सांगितलं की स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे छापलेला रंग मोजायच्या यंत्राने, मोजून बनवतो, प्रत्येक प्रिंटरचं वेगळं बनवतो, वर पेपरही माझ्याकडूनच घ्या, शंभर टक्के कॉटन आणि ओबीए फ्री आहे, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन त्यात नाही. साडेतीन हजार प्रोफाइलचे आणि पेपरचे वेगळे, सगळे आधी जीपेवर. मग रंगांच्या चौकोनांचा चार्ट पाठवला, तो मी छापला, वाळवला, पुठ्ठ्यात घालून कुरिअर केला, आणि आठवड्याभरात माझ्या नावाची आयसीसी फाइल ईमेलवर आली.

प्रिंट काढली तर घोंगडी म्हणजे नुसता काळा डाग, एकही घडी दिसेना, आजींच्या गालावरच्या सुरकुत्या खालच्या बाजूला गडप, आणि मधले टोन ट्यूबलाइटखाली हिरवट तर खिडकीत नेल्यावर जांभळट. त्याला फोन केला तर म्हणाला तुमचा मॉनिटर कॅलिब्रेट नाही, म्हटलं आहे, तर म्हणाला हेड क्लीन करा, तेही केलं, मग म्हणाला शाई जुनी असेल. शेवटी म्हणाला की ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड लावा आणि तिथे हेच प्रोफाइल वापरा. इथे मला खरा संशय आला, कारण एप्सनने 2005 मध्ये के थ्री, म्हणजे तीन काळ्या असलेल्या, शायांबरोबर जो हा मोड आणला त्यात ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःच शायांचं मिश्रण ठरवतो, मुख्यतः तीन काळ्या आणि अगदी थोडा रंग. नेहमीच्या रंगीत मोडमध्ये छापलेल्या चार्टवरून बनवलेलं प्रोफाइल तिथे लागूच होत नाही, त्याच्यासाठी त्याच मोडमध्ये ग्रे पट्टी छापून, मोजून वेगळं बनवावं लागतं. जो माणूस रोज प्रोफाइल बनवतो त्याला हे माहीत नसणं शक्य नाही.

मग मी ती फाइल उघडली. मॅकवर कलरसिंक युटिलिटी असते, त्यात प्रोफाइलच्या आतली सगळी माहिती दिसते. वर वर्णनात माझं नाव होतं, ते बदलणं कोणालाही जमतं, पण कॉपीराइटच्या रकान्यात एका पेपर बनवणाऱ्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं आणि फाइल तयार झाल्याची तारीख 2016 मधली! मी चार्ट छापायच्या कितीतरी वर्षं आधीची. त्या कंपनीच्या साइटवरून फुकट मिळणारं प्रोफाइल उतरवलं, ते माझ्यापेक्षा वेगळ्या मॉडेलच्या प्रिंटरसाठी होतं, आणि दोन्हींचे गॅमट, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांचा आवाका, एकावर एक ठेवले तर तंतोतंत तेच. एका मित्राने त्याच माणसाकडून प्रोफाइल घेतलेलं, त्याचा प्रिंटर तर आणखी तिसराच, त्याची फाइल मागवून बघितली, नाव सोडून तीच फाइल. शिंप्याने गळ्यात टेप टाकून मापं घ्यायची आणि दुकानातला तयार शर्ट नवीन लेबल लावून द्यायचा, असा हा प्रकार. माझा चार्ट कोणी मोजलाच नव्हता, तो छापायला लागलेली शाई आणि पेपर पण वाया.

पेपरचंही तेच. बॉक्स नाही, कंपनीचा स्टिकर नाही, साध्या प्लास्टिकमध्ये कोरे कागद. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना, त्याच्याखाली धरला तर निळाशार चमकला. ओबीए असलं की यूव्ही दिव्यात कागद असा चमकतो. काही चांगल्या कॉटन पेपरमध्ये पण थोडं ओबीए असतं, त्यामुळे चमकला म्हणजे कॉटन नाहीच असं म्हणता येत नाही, पण ‘ओबीए फ्री’ म्हणून विकलेला चमकला तर ते खोटं आहे हे नक्की. आणि हे रसायन काळाबरोबर कमी होत जातं, कागद पिवळसर पडतो, म्हणजे ज्या प्रिंट लोक पिढ्यान्‌पिढ्या टिकेल म्हणून विकत घेतात त्याच बिघडणार, याचा मला जास्त राग आहे.

आता मागे वळून बघितलं तर एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे त्याने काय विचारलंच नाही. खरा प्रोफाइल बनवणारा आधी विचारतो की चार्ट छापताना कलर मॅनेजमेंट (सॉफ्टवेअरने रंग आपोआप बदलणं) पूर्ण बंद होतं का, ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप, म्हणजे कागदाचा प्रकार, कोणता होता, मॅट काळी शाई होती की फोटो काळी, छापल्यावर दिवसभर वाळवला का. यातलं एक जरी बदललं तरी प्रोफाइल चुकतं. याने यातलं काहीही विचारलं नाही, फक्त पैसे आले का ते विचारलं. म्हणून पैसे देण्याआधी मोजणीचा कच्चा डेटा द्याल का असं स्पष्ट विचारा, ज्याने खरंच मोजलंय त्याच्याकडे ती फाइल असतेच आणि द्यायला काही अडचण नसते.

फाइल आली की मोठा फोटो छापत बसू नका, आधी 21 पायऱ्यांची ग्रे पट्टी छापा, शून्यापासून शंभरपर्यंत पाच-पाच टक्क्यांची, शून्य म्हणजे कोरा कागद आणि शंभर म्हणजे पूर्ण काळा. 90, 95 आणि 100 चे चौकोन वेगळे ओळखू आले पाहिजेत, फिक्या बाजूला पाच टक्के आणि कोरा कागद यातही फरक दिसला पाहिजे. माझ्या पट्टीत 85 पासून पुढे सगळं एकच होतं. मॅट पेपरवर काळा ग्लॉसीइतका गडद होत नाही हे खरं आहे, तिथे एल ची किंमत (उजळपणाचं माप, शून्य म्हणजे पूर्ण काळा, शंभर म्हणजे पांढरा) साधारण 15 ते 18 च्या आसपासच थांबते आणि चांगल्या ग्लॉसी पेपरवर पाचच्या खाली जाते, पण ‘मॅटवर असंच होतं’ हे कारण कोणी दिलं तर ऐकू नका, कारण काळा कमी गडद असणं वेगळं आणि पायऱ्या एकमेकीत मिसळणं वेगळं. मी नंतर क्वाडटोन रिप हे ब्लॅक अँड व्हाइट छपाईचं सॉफ्टवेअर वापरून स्वतः पट्टी मोजून काम केलं, मोजायचं यंत्र ओळखीतल्या एकाकडून आणलं, आणि त्याच प्रिंटरवर, त्याच शाईने, नीट विकत घेतलेल्या मॅट पेपरवर घोंगडीच्या घड्या आल्या. म्हणजे मॉनिटर, हेड, शाई सगळं ठीक होतं.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली आहे, नंबर 1915. पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट, कुरिअरची पावती, दोन्ही प्रोफाइल आणि त्यांच्या तारखांचे स्क्रीनशॉट जोडले. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. मित्राचीही तक्रार वेगळी टाकायला लावली आहे. कोणाकडे अशी विकत घेतलेली फाइल असेल तर आतली तारीख आणि कॉपीराइट आजच बघा, आणि जुळत नसेल तर त्या माणसाला फोन करायच्या आधी सगळं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण मी विचारल्यानंतर त्याने त्याच्या बाजूचे मेसेज डिलीट करायला सुरुवात केली होती.