लिनक्स कर्नलची एफपीयू-सेवा: थ्रेडना पाच तारे, ड्रायव्हरवाल्यांना साडेतीन

वस्तू फुकट मिळते, पण म्हणून तारे उधळणार नाही. परीक्षण आहे लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) त्या भागाचं, जो एक्स८६ प्रोसेसरच्या एफपीयूची, म्हणजे दशांश आकडेमोडीच्या भागाची, फ्लोटिंग-पॉइंट आणि व्हेक्टर (एका दमात अनेक आकडे धरणारी) रजिस्टरं थ्रेडांमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आळीपाळीने चालणाऱ्या धाग्यांमध्ये, सांभाळतो. मी स्टोरेजचे ड्रायव्हर लिहिते. पॅरिटी, चेकसम (डेटा शाबूत ठेवायची-तपासायची गणितं) ही कामं एव्हीएक्स या व्हेक्टर सूचनांशिवाय रडतखडत होतात, त्यामुळे या भागाशी माझा रोजचा व्यवहार आहे.

आधी साध्या थ्रेडांची बाजू. कोअरवर रजिस्टरांचा संच एक, त्यावर हक्क सांगणारे थ्रेड शेकडो. थ्रेड बदलला की जुन्याचा ऐवज (रजिस्टरांतले आकडे) मेमरीत ठेवायचा, नव्याचा काढून द्यायचा. एसएसई या आधीच्या व्हेक्टर सूचनांच्या जमान्यात हा ऐवज ५१२ बाइटचा होता, एव्हीएक्सबरोबर ८३२ झाला आणि एव्हीएक्स-५१२ आल्यावर अडीच हजारांच्या पुढे गेला. एवढी उचलठेव दर बदलाला कशाला, म्हणून पूर्वी कर्नल चालढकल करायचं. कंट्रोल रजिस्टरमधला टीएस बिट (‘थ्रेड बदलला’ ही खूण) लावून ठेवायचा आणि आधीच्या थ्रेडची रजिस्टरं तशीच पडू द्यायची. नव्याने फ्लोटिंग-पॉइंटची पहिली सूचना चालवली की सातव्या क्रमांकाचा अपवाद (प्रोसेसरने काम थांबवून कर्नलला मारलेली हाक) उठणार आणि मग अदलाबदल होणार. नाही चालवली, तर काम वाचलं.

हिशोब हुशारीचा होता, पण थ्रेड तसे राहिले नाहीत. सी लायब्ररीचं मेमरी नकलणारं मेमकॉपीसुद्धा आज व्हेक्टर रजिस्टरं वापरतं, म्हणजे ‘याला एफपीयू लागणार नाही’ ही पैज जवळपास दर वेळी हरायची, वर अपवादाचा भुर्दंड वेगळा. शिवाय एक्ससेव्हऑप्टसारख्या साठवण्याच्या सूचना न वापरलेले भाग लिहीतच नाहीत, त्यामुळे दर वेळी साठवणंही आता स्वस्त पडतं. लिनक्सने ४.६ आवृत्तीत, २०१६ साली, तत्परतेने साठवणं-भरणं सगळ्यांसाठी पक्कं केलं. निर्णय किती बरा होता ते जून २०१८ मध्ये कळलं, लेझीएफपी ही त्रुटी जाहीर झाली तेव्हा. अपवाद उठायच्या आत प्रोसेसर अंदाजाने पुढच्या सूचना चालवतो, आणि त्या फटीतून आधीच्या थ्रेडची रजिस्टरं कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीच्या) वाटेने वाचता येत होती. एईएस या सांकेतिकीकरणाच्या किल्ल्या याच रजिस्टरांत असतात, म्हणजे बघा! जुन्या कर्नलवाल्यांची धावपळ झाली, नव्यावाल्यांना काही करावं लागलं नाही.

मला सगळ्यात आवडलेला बदल ५.२ मधला. आता थ्रेड कर्नलच्या आत असेपर्यंत त्याची रजिस्टरं परत भरण्याची घाई होत नाही, युजर बाजूला परतताना भरली जातात. मध्ये त्याच कोअरवर कुणी रजिस्टरांना हात लावला नसेल, तर तेही टळतं. चालढकल परत आली म्हणा, पण दुसऱ्याचा ऐवज उघड्यावर न ठेवता. या बाजूला पाच तारे, वाद नाही.

आता आमची बाजू. कर्नलचा कोड मुळात एसएसई बंद ठेवूनच कंपाइल होतो. ती रजिस्टरं हवी असतील तर कर्नल-एफपीयू-बिगिन म्हणायचं, काम उरकायचं, कर्नल-एफपीयू-एंड म्हणायचं. बिगिन चालू थ्रेडचा ऐवज मेमरीत टाकतं आणि राउंडिंगची सेटिंगं मूळ पदावर आणतं. त्याच सिस्टिम कॉलमध्ये, थ्रेड न बदलता, दुसऱ्यांदा बिगिन केलं तर साठवण्याचा खर्च पुन्हा पडत नाही, हे मोजून पाहिलं आणि खूष झाले. पण मधल्या वेळात प्रीएम्प्शन (चालू थ्रेडला मध्येच बाजूला करणं) बंद असतं. झोपायचं नाही, लॉकसाठी थांबायचं नाही, एका बिगिनच्या पोटात दुसरं बिगिन तर नाहीच. कर्नलमधला चाचा-२० या सांकेतिकीकरणाचा कोड ४ केबीचे तुकडे पाडून मध्ये श्वास घेतो तो यासाठीच. इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने मध्येच मागितलेल्या कामात) असाल तर रजिस्टरं वापरता येतील का हे आधी विचारायचं, आणि उत्तर नकारार्थी आलं तर साध्या रजिस्टरांवर चालणारा दुसरा मार्ग लिहून तयार हवा. तोच कोड दोनदा लिहायचा, दोनदा तपासायचा. साठ-सत्तर बाइटच्या चेकसमसाठी हे करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

नियम कडक आहेत ही माझी तक्रार नाही, मोडला तर आवाज होत नाही ही आहे. एका पुरवठादाराच्या बंद ड्रायव्हरने मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एसएसई चालू करून इंटरप्ट हँडलरमध्ये सरळ डबलचा (दशांश आकड्यांचा) गुणाकार केला होता. बिगिन नाही, एंड नाही. ड्रायव्हर मजेत चालायचा. बिघडायची ती भलत्याच प्रोग्रामची उत्तरं, कारण त्या क्षणी ज्याची आकडेमोड चालू असेल त्याचं रजिस्टर बदलून जायचं. ना क्रॅश, ना लॉग. पहिला संशय सगळ्यांनी मेमरीवर घेतला, दुसरा आमच्यावर.

६.१० पासून यात थोडी शिस्त आली आहे. फ्लोटिंग-पॉइंटसाठी कंपाइलरचे वेगळे अधिकृत फ्लॅग मिळतात आणि तो कोड वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सांगतात. नाहीतर कंपाइलर एखादी सूचना बिगिनच्या आधी सरकवू शकतो. इतकी मूलभूत सोय इतक्या उशिरा यावी याचं नवल वाटतं.

अर्धा तारा परवान्याच्या कटकटीपायी गेला. बिगिन-एंड फक्त जीपीएल या मुक्त परवान्याखालच्या मॉड्यूलना दिसतात. ज्याने बिगर-जीपीएलवाल्यांचं भागायचं ते आतलं फंक्शन ५.० मध्ये गेलं आणि लिनक्सवरच्या झेडएफएस या फाइलसिस्टिमची व्हेक्टर गणितं अडकली. मग त्यांनी साठवण्याचा कोड स्वतःचा लिहिला. जो कोड कर्नलमध्ये एकाच जागी असावा असं कुणीही म्हणेल, त्याची दुसरी प्रत बाहेर फिरू लागली. तत्त्व मला पटतं, परिणाम पटत नाही.

एएमएक्स (प्रोसेसरच्या मॅट्रिक्स गणिताच्या सूचना) वापरणाऱ्यांसाठी: टाइलचा, म्हणजे त्यांच्या मोठ्या रजिस्टरांचा, ऐवज थ्रेडमागे ८ केबी, म्हणून ५.१६ पासून तो मागितल्याशिवाय मिळत नाही. प्रोसेसने आधी आर्च-पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने परवानगी घ्यायची. मग ज्या थ्रेडने टाइलला पहिला हात लावला, त्याच्यापुरता अपवाद उठतो आणि मोठा बफर दिला जातो. परवानगी विसरलात तर बेकायदा सूचनेचा सिग्नल येऊन प्रोग्राम तिथेच मरतो. सिग्नलसाठी वेगळा स्टॅक ठेवत असाल तर त्याचं मापही बघून घ्या. सिग्नल आला की हा सगळा ऐवज त्या स्टॅकवर उतरतो आणि २०४८ बाइटचं जुनं किमान माप एव्हीएक्स-५१२ लाच पुरत नाही. खरा आकडा ५.१४ पासून कर्नल ऑक्झिलरी व्हेक्टरमध्ये (प्रोग्राम सुरू होताना त्याला दिलेल्या माहितीच्या यादीत) देतं, तो वाचा.