मासिक देणगीसाठी यूपीआय ऑटोपे: अकरा महिन्यांचा अनुभव

जत तालुक्यात आमचं मुलींचं छोटं वसतिगृह आहे. मी तिथले हिशेब बघते. गेल्या वर्षापर्यंत सगळी भिस्त दिवाळीवर असायची. महर्षी कर्व्यांच्या संस्थेच्या कार्यकर्त्या भाऊबीज निधीसाठी घरोघरी जातात, तोच कित्ता आम्ही गिरवत होतो. पैसे यायचे, पण फेब्रुवारी उजाडला की किराणा दुकानात डाळ-तांदळाची उधारी सुरू. म्हणून जूनमध्ये ऑटोपे घेतलं. देणगीदाराने एकदा पिन टाकून मंजुरी द्यायची, मग दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप वळती होते.

पहिले तीन महिने फार जड गेले. ४६ जणांनी नोंदणी केली आणि सप्टेंबरपर्यंत १७ गळाले. मी एकेकाला फोन लावला. झालं होतं असं की, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते. त्यात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं ट्रस्टचं लांबलचक नाव होतं. गावात आम्हाला सगळे 'आक्कांचं वसतिगृह' म्हणून ओळखतात. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कुणीतरी खातं साफ करतंय असं वाटलं, लगेच बंद करून टाकलं."

तेव्हापासून कपातीच्या दोन दिवस आधी आक्का व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच्या आवाजात निरोप पाठवतात. परवा अमुक नावाने पैसे जातील, ते आपलेच आहेत, या महिन्यात दहावीच्या मुलींचे परीक्षा फॉर्म भरले, एवढंच. मागे भाकऱ्या थापल्याचा आवाज ऐकू येतो. त्या १७ पैकी ११ जण परत आले.

तारखेचीही चूक झाली. आम्ही १ तारीख धरली होती, पण आमच्या देणगीदारांत शिक्षक बरेच, आणि त्यांचे पगार १ तारखेला होतातच असं नाही. खात्यात शिल्लक नसली की कपात फसते आणि माणूस उगीच ओशाळतो. १० तारीख केली, पण त्यासाठी सगळ्यांकडून नवी मंजुरी घ्यावी लागली. तारीख आधीच विचारून ठरवा.

नोंदणी करतानाच पॅन आणि पत्ता घ्या, हे मी कळकळीने सांगते. देणगीदाराला आयकरात मिळणाऱ्या ८०जी सवलतीसाठी संस्थेने ३१ मेपर्यंत देणग्यांच्या तपशिलाचा १०बीडी फॉर्म भरायचा असतो, त्यातूनच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. सध्या माझ्या संध्याकाळी पॅन मागण्याच्या फोनमध्येच जातात. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, तरी तरुण मुलं आवर्जून पावती मागतात. त्यांना ती जपून ठेवायची असते.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दलही सांगते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची देणगी परदेशी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ठरते, आणि एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय ती घेता येत नाही. एका माजी विद्यार्थिनीला आम्हाला नाही म्हणावं लागलं. वाईट वाटलं.

देणगीदारांच्या खात्यातून पैसे आमच्याकडे वळते करणाऱ्या गेटवे कंपनीची मदत मात्र फक्त ईमेलवर आणि इंग्रजीतून. एकदा आमचे पैसे नऊ दिवस अडकले, कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

आज ५८ जण दरमहा देतात, बहुतेक २०० किंवा ३०० रुपये. यंदा फेब्रुवारीत उधारी झाली नाही. पावतीपुस्तक बंद केलेलं नाही. बाजारच्या दिवशी एक आजी शंभराची नोट घेऊन येतात, पावतीवर नातीचं नाव घालायला सांगतात आणि आत जाऊन मुलींशी गप्पा मारत बसतात. त्यांना आम्ही ऑटोपेबद्दल विचारलेलंही नाही.