व्हिसा लागला आणि तीन दिवसांत आमची जवळपास सगळी बुकिंग्ज कॅन्सल केली गेली (फ्रान्स हनीमून, नीट वाचा)

आमचं लग्न 2024 च्या मे मध्ये झालं आणि जूनच्या शेवटी फ्रान्सला जायचं ठरलं. तेव्हाच का, तर व्हालोंसोलच्या पठारावरचं लव्हेंडर साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतच फुललेलं मिळतं आणि मला ते बघायचंच होतं. नवऱ्याला ड्रायव्हिंगची प्रचंड हौस, म्हणून लिऑनला उतरायचं, तिथे गाडी घ्यायची, आनसीचं तळं, मग ग्रनोबल आणि तिथून जुन्या एन 85 हायवेने, म्हणजे रूट नेपोलियनने खाली सिस्तेरों, कास्तेलान, व्हेर्दोंची दरी करत नीस. 1815 मध्ये एल्बा बेटावरून निसटून नेपोलियन याच वाटेने ग्रनोबलला गेला होता, आम्ही ती उलटी करणार होतो. रोज रात्री जेवणं झाली की दोघं नकाशा उघडून बसायचो.

एजंट सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंच्या ओळखीचा. ओळखीतला म्हणून कोणी जास्त चौकशी केली नाही, आणि माझ्या मते इथेच घात झाला. विमानाची तिकिटं सोडून हॉटेलं आणि गाडीचे त्याने 2 लाख 85 हजार घेतले. "ताई, बिल करू नका, टीसीएस पण वाचेल तुमचा" असं म्हणून पैसे त्याच्या बायकोच्या सेव्हिंग अकाउंटवर घेतले. आता कळतंय की फॉरेन टूर पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस, म्हणजे गिऱ्हाइकाकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा कर, घ्यावाच लागतो, तो काही आपला बुडत नाही, आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या नावावर दिसतो आणि रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो. जो एजंट टीसीएस वाचवतो म्हणतो त्याला मुळात पॅकेज विकल्याची नोंदच ठेवायची नसते.

सगळी व्हाउचर्स पीडीएफमध्ये आली, हॉटेलचं नाव, तारखा, कन्फर्मेशन नंबर, सगळं खरं. तीच व्हिसाच्या फाईलला लावली, व्हिसा लागला, नवऱ्याने आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं, निघालो.

लिऑनच्या दोन रात्री व्यवस्थित झाल्या, कारण तेवढ्याचे पैसे त्याने खरंच भरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगा घेऊन एअरपोर्टवर गाडी घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली बुकिंग कॅन्सल आहे. तारीख विचारली तर आमचा व्हिसा लागल्यानंतर तिसऱ्या दिवसाची. मी तिथेच उभ्या उभ्या पुढच्या चारही हॉटेलांना फोन लावले, चारही त्याच दिवशी कॅन्सल. माझे हात थरथरत होते.

प्रकार असा की ही सगळी बुकिंग्ज पैसे न भरता होतात, तिथे गेल्यावर भरायचे आणि ठरावीक तारखेपर्यंत फुकट कॅन्सल करता येतात. कन्फर्मेशन नंबर खरा असतो पण कोणी एक रुपयाही भरलेला नसतो. व्हिसापुरती अशी बुकिंग्ज दाखवणारे बरेच आहेत, याने आमच्याकडून पूर्ण पैसे घेऊन तेच केलं. पैसे भरलेत का हॉटेलवर द्यायचेत, ही खालची ओळ पीडीएफमधून कापलेली होती.

एजंटला फोन केला तर "ताई सिस्टीम प्रॉब्लेम आहे, तुम्ही तिकडे भरा, मी इकडे लगेच रिफंड टाकतो". संध्याकाळपासून फोन बंद.

गाडी नव्याने घेतली, सीझनमधला रेट आणि लिऑनला घेऊन नीसला सोडायचा वेगळा चार्ज मिळून 900 युरोच्या वर गेली. त्यातही डिपॉझिट ड्रायव्हरच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर लागतं, परदेशासाठी आधी पैसे भरून घेतलेलं फोरेक्स कार्ड चालेना, आणि नवऱ्याच्या कार्डवर इंटरनॅशनल वापर बंद होता, तो ॲपमधून चालू करेपर्यंत मागे रांग लागली. आनसी सोडून द्यावं लागलं, तिथे परवडेल अशी एकही खोली शिल्लक नव्हती. एन 85 मात्र केला. रस्त्याकडेला नेपोलियनच्या गरुडाची चिन्हं आहेत, कास्तेलानला एका आजींच्या घरात खोली मिळाली, दुसऱ्या दिवशी व्हेर्दोंच्या कड्यावरून खाली हिरवं पाणी बघितलं, ते खरंच विसरता येणार नाही. पण रोज संध्याकाळी खोली शोधण्यात दोन तास जायचे आणि आम्ही एकमेकांवर चिडायचो, नव्या लग्नात ते फार लागलं मला.

तुम्ही जाणार असाल तर एवढं कराच. हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाईटवरचा मेल घेऊन थेट विचारा की या नावाचं बुकिंग आहे का आणि पैसे भरलेत का. व्हिसा लागल्यावर परत विचारा आणि निघायच्या आदल्या दिवशी परत. एका हॉटेलचं विचारून थांबू नका, पहिलं बुकिंग मुद्दाम खरं ठेवतात. गाडीचं बुकिंग शक्यतो स्वतःच्या लॉगिनने आणि गाडी चालवणाऱ्याच्याच कार्डावर करा.

परत आल्यावर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला आणि कन्झ्युमर हेल्पलाईनला 1915 वर तक्रार केली. पावती नव्हती पण व्हॉट्सॲप चॅट आणि यूपीआयची एंट्री होती, त्यावर आत्तापर्यंत 70 हजार परत आलेत, बाकीसाठी ग्राहक आयोगात केस टाकली आहे. त्याने मला ब्लॉक केलंय, पण माझ्या बहिणीच्या फोनवर त्याचं स्टेटस अजून दिसतं. गेल्या आठवड्यात स्वित्झर्लंडचं हनीमून पॅकेज टाकलं होतं, गाडीसकट.